नळीला मानवणारा पेलेट: १० मीटर एअर रायफलसाठी लॉट कसा निवडावा

पेलेटचे, म्हणजे एअर रायफलच्या छोट्या शिशाच्या गोळ्यांचे, दोन डबे घ्या. कंपनी एक, नाव एक, डोक्याचं छापील मापही एकच. एकाच रायफलीतून दोन्ही मारून पाहिले तर एका डब्यातले दहा शॉट एका भोकात बसतात आणि दुसऱ्यातले पसरतात. शेजारच्या लेनवरच्या रायफलीत याच्या नेमकं उलटंही होऊ शकतं. म्हणून ‘चांगला पेलेट कोणता?’ या प्रश्नाला दुकानाच्या काउंटरवर खरं उत्तर मिळत नाही. ‘माझ्या नळीला कोणता लॉट (एकाच वेळी बनलेली खेप) मानवतो?’ असं विचारलं तर उत्तर मिळतं, पण ते चाचणी करूनच. ती चाचणी नाशिकमध्ये हाताशी असलेल्या साधनांनी कशी करायची, ते इथे पायरीपायरीनं दिलं आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. परदेशात अचूक गोळी निवडण्याची चर्चा बरेचदा लांब पल्ल्याच्या शिकारीसाठी चालते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे, आणि एअर रायफलनं पाखरं टिपणं हीही शिकारच. इथला सगळा विचार कागदी किंवा इलेक्ट्रॉनिक लक्ष्यापुरता आहे.

फरक किती पडतो, ते आधी मोजा

१० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पुढचं प्रत्येक वर्तुळ व्यासानं ५ मिमीनं वाढत जातं, त्यामुळे नऊचं वर्तुळ ५.५ मिमी, आठचं १०.५ मिमी. दशांश गुणांत हिशोब आणखी बारीक होतो. पेलेटचं केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून पाव मिलिमीटरच्या आत असेल तर १०.९, आणि पुढे दर पाव मिलिमीटरला ०.१ गुण कमी. अडीच मिलिमीटर ओलांडले की दहा गेला. ६० शॉटचे कमाल गुण ६५४.०.

आता दोन लॉट धरा. व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाला कसलेल्या पकडीत, बांधलेल्या रायफलीतून पहिल्याचा दहा शॉटचा ग्रुप (भोकांचा पुंजका) केंद्र ते केंद्र १.५ मिमी येतो, दुसऱ्याचा ३ मिमी. ६२३ च्या आसपास मारणाऱ्या नेमबाजानं पहिल्या लॉटऐवजी दुसरा वापरला, तर गणितानं त्याचे साधारण सहा गुण जातात. त्या पातळीवर सहा गुण म्हणजे अंतिम फेरी आणि घरची वाट यांतलं अंतर. हाच फरक सरासरी ९.५ मारणाऱ्या नवशिक्याला जेमतेम दोन-अडीच गुणांचा पडतो, कारण त्याच्या हाताची थरथर पेलेटच्या पसरण्यापेक्षा कितीतरी मोठी असते आणि तीच सगळं झाकून टाकते.

म्हणून पालकांना स्पष्ट सांगावंसं वाटतं: पहिल्या वर्षी महागड्या डब्यांवर खर्च करू नका. एक बऱ्यापैकी मॅच (स्पर्धेचा) पेलेट घ्या, वर्षभर तोच वापरा. वाचलेले पैसे बरं जॅकेट, मापाचे बूट आणि लेनचे तास यांवर घाला. सरासरी १०.० च्या पुढे स्थिरावली की मग लॉटचा शोध सुरू करावा.

हातात घेतलेल्या पेलेटमध्ये काय पाहायचं

स्पर्धेचा पेलेट ४.५ मिमीचा, म्हणजे ०.१७७ इंचाचा, मऊ शिशाचा आणि डमरूच्या आकाराचा असतो. पुढे चपटं डोकं, मधे कंबर, मागे पोकळ स्कर्ट. चपट्या डोक्यामुळे कागदावर गोल, स्वच्छ भोक पडतं आणि गुण मोजताना वाद होत नाही. त्याची किंमत हवेत मोजावी लागते. चपटं डोकं हवा जास्त अडवतं, त्यामुळे २५ मीटरच्या पुढे हा पेलेट भरवशाचा राहत नाही. लांब अंतरावरच्या फील्ड टार्गेट या खेळाला गोल डोक्याचा पेलेट लागतो. १० मीटरला मात्र चपट्याला पर्याय नाही.

स्कर्टचं काम सर्वांत नाजूक. मागून हवेचा दाब आला की स्कर्ट फुलतो, नळीतल्या आट्यांना घट्ट चिकटतो, पेलेटला फिरकी मिळते आणि हवा बाजूनं निसटत नाही. या स्कर्टला केसाएवढा पोचा पडला असला तरी हवा एका बाजूनं आधी सुटते आणि नळीच्या तोंडाशी पेलेटला धक्का बसतो. डोक्यावरचा बारीक ओरखडा त्यामानानं बराच निरुपद्रवी.

रायफलच्या मॅच पेलेटचं वजन बहुतेक ०.५३ ग्रॅमच्या आसपास असतं. पिस्तुलाचे त्याहून हलके, ०.४५ ते ०.४९ ग्रॅम. काही रायफलींना हलका पेलेटही छान बसतो, पण सुरुवात ०.५३ नं करावी. आरडब्ल्यूएसचा आर-१० मॅच, एच अँड एनचा फिनाले मॅच, जेएसबीचे मॅच पेलेट आणि चीनचे क्यूवायएस ही नावं रेंजवर कायम कानावर पडतात. चारही कंपन्यांचे सुंदर लॉट असतात, आणि चौघांचेही असे लॉट असतात जे तुमच्या नळीला अजिबात मानवणार नाहीत.

डोक्याचं माप ४.४८, ४.४९, ४.५०, ४.५१ असं छापलेलं असतं. त्यावरून फार मोठ्या चर्चा झडतात. व्यवहारात ४.४९ आणि ४.५० यांत जितका फरक दिसतो, तितकाच ४.५० च्या दोन लॉटांमध्येही दिसतो. म्हणून माप हे चाचणीला कोणते डबे घ्यायचे ते ठरवण्यापुरतं धरा, निकाल म्हणून नको. निकाल लागतो तो डब्यावरच्या लॉट क्रमांकाचा. डब्याच्या तळाशी किंवा पाठीमागे स्टिकरवर तो असतो. स्टिकरचा फोटो काढून ठेवा. स्टिकर फाटलेला डबा चाचणीला कुचकामी, कारण पेलेट उत्तम निघाला तरी तो पुन्हा मागवणार कसा?

वजनाचंही एक गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. मॅच रायफलचा पेलेट सेकंदाला साधारण १७० मीटर वेगानं निघतो आणि १० मीटरपर्यंत पोहोचताना गुरुत्वाकर्षणानं सुमारे १७-१८ मिमी खाली येतो. वेग सेकंदाला १ मीटरनं बदलला तर तो सुमारे ०.२ मिमी वर किंवा खाली लागतो. पेलेट ५ मिलिग्रॅमनं जड असला तर फरक जवळपास तेवढाच. म्हणजे चांगल्या लॉटमधला एकेक दाणा तोलून फायदा फारसा नाही. तरीही लॉट सारखा आहे की नाही ते पाहायला २० दाणे तोलावेत. त्यासाठी सोनाराकडे असतो तसा मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा लागतो. सराफ बाजारात ओळख असेल तर दहा मिनिटांचं काम आहे. सर्वांत जड आणि सर्वांत हलक्या दाण्यात १० मिलिग्रॅमहून जास्त अंतर निघालं तर तो लॉट स्पर्धेसाठी बाजूला ठेवा.

चाचणीची मांडणी

डबे किती हवेत? चार ते पाच लॉट पुरतात. एकट्यानं पाच डबे विकत घेण्यापेक्षा रेंजवरच्या पाच जणांनी प्रत्येकी एका वेगळ्या लॉटचा ५०० चा डबा घ्यावा आणि शंभर-शंभर वाटून घ्यावेत. प्रत्येकाला पाच लॉट मिळतात आणि खर्च एका डब्याचा होतो. वाटताना मुठीनं उपसू नका. स्पंजवर हळूच ओता आणि मोजून छोट्या डब्यांत भरा. प्रत्येक डबीवर लॉटचं नाव न लिहिता फक्त अ, ब, क, ड, इ अशी अक्षरं घाला, आणि कोणतं अक्षर कुठल्या लॉटचं याची चिठ्ठी दुसऱ्याच्या खिशात राहू द्या. आवडत्या कंपनीचा ग्रुप मोजताना व्हर्नियर (बारीक माप घ्यायचा कॅलिपर) आपोआप थोडा घट्ट दाबला जातो, हा माणसाचा स्वभावच आहे.

रायफल धरायला व्हाइस लागतो. सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही छोट्या फॅब्रिकेशनवाल्याकडून तो करून घेता येतो. बूड किमान १० मिमी जाडीच्या लोखंडी पट्टीचं, ते जड टेबलाला बोल्टनं कसलेलं, आणि जबड्यांना आतून कडक रबर किंवा चामडं. पकड पुढच्या दस्त्याखालच्या रेलवर घ्यायची. नळीला जबडा लावायचा नाही, आणि हवेच्या सिलिंडरला तर कधीच नाही. नळीवर ताण आला की प्रत्येक शॉटला ती वेगळी थरथरते आणि आपण पेलेटऐवजी व्हाइस तपासत बसतो. टेबल हलकं असेल तर पायांवर वाळूची पोती टाका. रायफल आडवी कललेली नाही हे गवंड्याच्या लेव्हलनं पाहा.

अंतर फायरिंग लाइनपासून लक्ष्याच्या पृष्ठभागापर्यंत १० मीटर, फितीनं मोजलेलं. कागदी लक्ष्य वापरत असाल तर मागे कोरा पुठ्ठा लावा, म्हणजे भोकाच्या कडा फाटत नाहीत. पावसाळ्यात कागद दमट होतो आणि भोक लोंबतं. जून ते सप्टेंबरमध्ये कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून ऐनवेळी काढा, नाहीतर ही चाचणी ऑक्टोबरनंतरच करा.

वाऱ्याकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण ‘१० मीटरला कसला वारा?’ सेकंदाला १ मीटर वेगाची आडवी झुळूक, जी गालाला जेमतेम जाणवते, तीसुद्धा पेलेटला दीड मिमीहून जास्तच ढकलते. म्हणजे आपण जो फरक शोधतोय त्याहून जास्त. पंखे बंद, खिडक्या बंद, दार बंद. पत्र्याच्या शेडमधली रेंज असेल तर सकाळी लवकरची वेळ सर्वांत बरी. दुपारी पत्रा तापला की आत हवा हलायला लागते.

रायफल तयार करणं

नळी स्वच्छ करा. नमद्याचे ४.५ मिमीचे बोळे किंवा दोरीची साफसफाई, दिशा नेहमी मागून तोंडाकडे. तेल वापरलं असेल तर कोरडे बोळे निघेपर्यंत पुसा, कारण आत तेलाचा थर राहिला की पहिले काही शॉट कुठेही जातात. नंतर २० शॉट असेच मारा. अगदी धुतलेली नळी आणि थोडी वापरलेली नळी सारखी वागत नाहीत. स्पर्धा आपण वापरलेल्या नळीनंच खेळतो.

दस्त्याचे आणि नळीच्या पकडीचे स्क्रू तपासा. नळीचं तोंड भिंगातून पाहा, कडेला ओरखडा असेल तर पुढची सगळी मेहनत व्यर्थ आहे. सिलिंडर २०० बारला भरा आणि १०० बारच्या खाली उतरला की पुन्हा भरा. सिलिंडरवर छापलेली मुदत संपली नाही ना, तेही याच वेळी बघा.

सुरक्षेचे नियम व्हाइसमध्येही तेच. लक्ष्याकडे कुणी जाण्याआधी नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी रंगीत दोरी) असलाच पाहिजे. शिशाचा चुरा मागे उसळू शकतो, त्यामुळे डोळ्यांना चष्मा. पेलेट तोंडात धरायचे नाहीत, रेंजवर वडापाव खायचा नाही, आणि निघताना हात साबणानं धुवायचे. शिसं विषारी आहे आणि ते शरीरात साचत जातं. लहान मुलांच्या बाबतीत यात कसलीही ढिलाई नको.

मारायचं कसं

पायरी पहिली: व्हाइसची परीक्षा. ओळखीच्या पेलेटचे दहा शॉट मारा. मग ट्रिगर दाबणारा माणूस बदला आणि आणखी दहा मारा. दोन ग्रुप वेगवेगळ्या जागी बसले तर ट्रिगर ओढताना रायफल हलते आहे. बोटाचं फक्त टोक ट्रिगरवर, बाकी हात दस्त्याला लागणार नाही, अशी सवय करा. व्हाइस या परीक्षेत उतरला नाही तर पुढे जाऊच नका.

पायरी दुसरी: ओळीनं फेऱ्या. पहिल्या फेरीत अ, ब, क, ड, इ असं प्रत्येकी दहा. दुसऱ्या फेरीत उलट, इ पासून अ पर्यंत. तिसरी पहिलीसारखी, चौथी दुसरीसारखी. ‘अ’चे चाळीस मारून मग ‘ब’चे चाळीस, असं केलं तर मधे सिलिंडरचा दाब उतरतो, नळी घाण होते, शेड तापते, आणि या सगळ्याचं खापर बिचाऱ्या ‘इ’वर फुटतं.

पायरी तिसरी: लॉट बदलला की आधी दहा शॉट कोऱ्या पुठ्ठ्यावर. प्रत्येक कंपनीचं वंगण आणि शिसं वेगळं असतं, आणि आधीच्या पेलेटचा थर नळीत राहिलेला असतो. हे दहा शॉट नव्या पेलेटला नळी सरावण्यासाठी. ते मोजायचे नाहीत, आणि कंटाळून वगळायचेही नाहीत.

पायरी चौथी: लय. शॉटमधलं अंतर ३० ते ४० सेकंद, सगळ्यांना सारखं. रेग्युलेटरचा (शॉटच्या हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागाचा) दाब फार वेळ थांबल्यावर किंचित सरकतो, त्यामुळे चहाला गेलात तर परत आल्यावर दोन शॉट बाहेर मारून मगच पुढे चला. पेलेट बसवताना तो सरळ आणि दर वेळी तितकाच आत जायला हवा. तिरका बसलेला पेलेट जबरदस्तीनं ढकलू नका, काढून टाका.

हिशोब असा: पाच लॉट, चार फेऱ्या, दर वेळी दहा सरावाचे आणि दहा मोजायचे, म्हणजे ४०० शॉट. ३५ सेकंदांनी एक धरला तर जवळपास चार तास. एका सकाळी दोन फेऱ्या आणि दुसऱ्या सकाळी उरलेल्या दोन असं केलं तर उत्तम. वेगळ्या दिवसाचं तापमानही त्यात आपोआप तपासलं जातं, आणि डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांखाली उतरतो तेव्हा त्याचं महत्त्व कळतं.

मोजणं आणि ठरवणं

कागदावर ग्रुपच्या सर्वांत लांबच्या दोन कडा व्हर्नियरनं मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. आलेला आकडा म्हणजे केंद्र ते केंद्र अंतर. इलेक्ट्रॉनिक लक्ष्य असेल आणि ते प्रत्येक शॉटची जागा आकड्यांत देत असेल, तर त्याहून चांगली पद्धत वापरता येते. दहाही शॉटांचं सरासरी केंद्र काढा, प्रत्येक शॉट त्यापासून किती लांब आहे ते काढा, आणि त्या अंतरांची सरासरी घ्या. ग्रुपचं टोक ते टोक माप फक्त दोन शॉट सांगतात, ही सरासरी दहाही शॉट सांगतात.

ग्रुप लक्ष्यावर कुठे बसला याला इथे काहीच महत्त्व नाही. साइट (नेम धरायचं साधन) नंतर फिरवता येते. पाहायचा तो फक्त आकार.

आता सर्वांत मोठी चूक. पाच शॉटचा एकच ग्रुप, तोही सुंदर आलेला, खिशात घालून लोक लॉट ठरवतात. एकाच डब्यातले पाच-पाचचे ग्रुप निव्वळ योगायोगानं सरासरीपेक्षा पाव हिस्सा लहान किंवा मोठे येत राहतात. दहा ग्रुप मारा, त्यांतला एक हमखास फ्रेम करून ठेवण्याजोगा असतो. त्याचा पेलेटशी संबंध नसतो. शिवाय पाच शॉटचा ग्रुप दहाच्या ग्रुपशी ताडून पाहू नका. पेलेट तोच असला तरी दहाचा ग्रुप सरासरीनं पाचच्या ग्रुपपेक्षा पावपट मोठा निघतो.

समजा, कडा ते कडा मापं अशी आली:

अ: ५.९, ६.४, ६.१, ६.० (सरासरी ६.१०)
ब: ५.६, ७.२, ६.०, ७.० (सरासरी ६.४५)
क: ७.४, ७.९, ७.१, ७.६ (सरासरी ७.५०)

सर्वांत छोटा एकटा ग्रुप ‘ब’चा आहे, ५.६, आणि बहुतेकांचा जीव तिथेच अडकतो. पण ‘ब’ दोनदा सातच्या घरात गेलाय. ‘क’ बाद, त्यात शंका नको. ‘अ’ आणि ‘ब’मधला ०.३५ मिमीचा फरक मात्र चार-चार ग्रुपांवर पक्का म्हणता येत नाही. तो योगायोगही असू शकतो. अशा वेळी फक्त या दोघांचे आणखी चार-चार ग्रुप मारायचे आणि आठांची सरासरी घ्यायची. तरीही बरोबरीच निघाली तर जो सहज मिळतो तो घ्यावा, कारण तेवढा फरक तुमच्या गुणांत दिसणारच नाही.

बाहेर उडालेला एखादा शॉट ‘तो माझ्यामुळे गेला’ म्हणून खोडायचा नाही. व्हाइसमध्ये ‘माझ्यामुळे’ असं काही नसतं. चाळीसमध्ये एक शॉट दर वेळी लांब जात असेल तर तो लॉट सोडा, बाकीचे एकोणचाळीस कितीही देखणे असोत. साठ शॉटच्या सामन्यात तो एकदा-दोनदा भेटणारच.

ग्रुपचा आकार काय सांगतो

उभा, लांबट ग्रुप आला तर वेग कमी-जास्त होतोय. तो एकाच लॉटला येत असेल तर दोष पेलेटचा. वजन विषम असेल, किंवा स्कर्ट नीट फुलत नसेल. सगळ्याच लॉटांना येत असेल तर रेग्युलेटर किंवा व्हॉल्व्हकडे बघा. वेग मोजायचं यंत्र मिळालं तर दहा शॉटांचा वेग टिपा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगात सेकंदाला ३ मीटरचं अंतर असेल तर नुसत्या त्यानंच ०.६ मिमीची उभी पसरण होते.

आडवा ग्रुप म्हणजे वारा किंवा व्हाइसची सैल पकड. दोन वेगळे पुंजके दिसले, चार इथे आणि सहा तिथे, तर कुठलातरी स्क्रू सैल आहे आणि रायफल दोन जागांपैकी एका जागी बसते आहे. गोल पण मोठा ग्रुप, ओळीनं सगळ्या लॉटांचा, याचा अर्थ नळीत शिसं साचलंय, तोंडाला इजा आहे, किंवा पेलेट बसतो तिथली ओ-रिंग झिजली आहे. अशा वेळी आणखी डबे आणणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी रायफल जाणकाराला दाखवा.

व्हाइस नसेल, किंवा रायफल स्प्रिंगची असेल

पीसीपी, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाच्या हवेवर चालणारी, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून, खुर्चीत बसून, साइटमधून नेम धरूनही चाचणी होते. पसरण थोडी वाढते, म्हणून चारऐवजी सहा ग्रुप मारा. पिशवी दस्त्याच्या दर वेळी त्याच जागी लावा, दस्त्यावर पेन्सिलीची खूण करून.

स्प्रिंग-पिस्टनची रायफल व्हाइसमध्ये कसू नये. पिस्टन सुटतो तेव्हा रायफल पुढेमागे हलते. ती हालचाल अडवली की ग्रुप बिघडतो आणि स्क्रूही ढिले होतात. ती उघड्या तळहातावर, हात पिशवीवर ठेवून, अगदी सैल धरून मारायची. या रायफलींना लॉटपेक्षा पेलेटचा प्रकार आणि वजन यांचाच फरक जास्त पडतो, त्यामुळे आधी तीन-चार वेगळे पेलेट तपासा, लॉटचा विचार नंतर.

खरेदी, निवड, साठवण

लॉट ठरला की त्याच आठवड्यात घ्या. चांगला लॉट संपला की संपला, तोच साचा आणि तेच शिसं पुन्हा जुळून येत नाही. किती घ्यायचा? वर्षाला दहा सामने, प्रत्येकी सराव धरून १२० पेलेट, म्हणजे १,२००. आठवड्यातून एकदा सामन्यासारखे ६० शॉट, म्हणजे वर्षाचे ३,१००. ५०० चे नऊ डबे पुरतात. रोजच्या सरावाला दुसरा, स्वस्त पेलेट चालतो. फक्त सामन्याच्या आधीचा आठवडा सामन्याचाच पेलेट मारा, म्हणजे नळी आणि साइट दोन्ही त्याच्यावर बसलेल्या राहतात. डबे हातात आल्यावर प्रत्येकाचा स्टिकर चाचणीच्या फोटोशी ताडून पाहा.

स्पर्धेआधी पेलेट नजरेखालून घाला. स्कर्ट चेपलेला, कडेला शिशाचा पापुद्रा असलेला, किंवा वाकडा असेल तर तो सरावाच्या डब्यात. आणखी एक जुनी, सोपी युक्ती आहे. काचेचा तुकडा किंचित तिरका ठेवा आणि पेलेट वरून लोळवा. स्कर्ट डोक्यापेक्षा रुंद असल्यानं तो कमानीत वळतो. सगळे सारख्या कमानीत वळायला हवेत. एखादा अडखळला किंवा भलतीकडे गेला तर त्याचा स्कर्ट गोल नाही. शंभर पेलेट पाहायला पंधरा मिनिटं लागतात. मॅच पेलेट पेट्रोलनं किंवा साबणानं धुऊ नका. त्यावरचा पातळ तेलाचा हात शिशाला जपतो.

पावसाळ्यातल्या दमट हवेत उघड्या पेलेटवर पांढरी पूड चढते. ते शिशाचं गंजणं आहे, आणि असे पेलेट पुसूनही स्पर्धेला घेऊ नयेत. डबा घट्ट बंद, आत सिलिका जेलची पुडी, आणि ठेवायला स्टीलचं कपाट. लाकडी पेटी टाळा, कारण लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफांनी शिसं लवकर खराब होतं.

शेवटी प्रवास. अर्धा भरलेला डबा दुचाकीच्या डिकीत टाकून खड्ड्यांतून पाच किलोमीटर नेला की महिनाभराची निवड वाया जाते. दाणे एकमेकांवर आपटतात आणि स्कर्ट चेपतात. डब्यातली रिकामी जागा स्पंजच्या चकतीनं भरा, म्हणजे हलवल्यावर आवाज येणार नाही. सामन्यापुरते पेलेट भोकांच्या ट्रेमध्ये, एकेका खाचेत एकेक, लावून न्यावेत. मुंबई-पुण्याला स्पर्धेला जाताना हा ट्रे हातातल्या बॅगेत ठेवा, गाडीच्या टपावर किंवा डिकीत नको. तिथे पोहोचल्यावर साइट पुन्हा सरावाच्या शॉटांवर बसवायचीच आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, मुंबईची हवा दमट आणि जड. तरी उंचीपेक्षा प्रकाश आणि तापमान यांनीच शॉट जास्त सरकलेले दिसतात.

ही सगळी चाचणी पुन्हा कधी करायची? रेग्युलेटर किंवा व्हॉल्व्ह उघडून दुरुस्त केला, वेग बदलला, नळी बदलली, किंवा शेवटचे दोन डबे उरले तर. हे दोन डबे संपायच्या आत नवे लॉट गोळा करा आणि चाचणीत जुन्या लॉटलाही एका अक्षराखाली बसवा. नवा लॉट जुन्याला हरवतो की नाही, हे त्याच दिवशी, त्याच व्हाइसमध्ये पाहता येतं. जुने आकडे वहीत असले तरी ते दुसऱ्या दिवसाचे आणि दुसऱ्या दाबाचे असतात.